भक्तीच्या हाती वाघनखं: प्रस्तावना

२००७ साली ‘एज ऑफ एम्पायर्स ३: द एशियन डायनॅस्टीज’ हा गेम आला. त्यात ‘भक्ती’ नावाची एक वस्ती आहे. खेळणारा नकाशावर हिंडत त्या वस्तीपाशी पोचतो, शेजारी ट्रेडिंग पोस्ट उभारतो आणि तेवढ्यावर भक्तीशी त्याची दोस्ती होते. मग ठरलेली किंमत मोजली की तिथून सैनिक बाहेर पडू लागतात. ते पायी लढतात आणि त्यांच्या हातांत वाघनखं असतात.

मराठी वाचक इथे थबकणारच. वाघनखं म्हटलं की आपल्याला प्रतापगडाचा पायथा आणि १६५९ साल आठवतं. भक्ती म्हटलं की चंद्रभागेचं वाळवंट, टाळ, वीणा. ही दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर कशी आली? बहुधा अशी, की बघताक्षणी ‘इंडियन’ वाटेल असा एक धर्मपंथ हवा होता आणि बघताक्षणी ‘इंडियन’ वाटेल असं एक हत्यार. दोन्ही मिळाली, जोडून टाकली.

भक्ती तिथे एकटी नाही. उदासी साधूंच्या वस्तीतून चक्रं फेकणारे मिळतात, सूफींकडून लढाऊ हत्ती, शाओलिनकडून वेताच्या ढालींचे तलवारबाज, झेनकडून सोहेई म्हणजे जपानी मठांतले शस्त्रधारी भिक्षू. सहावा गट जेझुइट पाद्र्यांचा. त्यांच्याकडून चक्क कॉन्किस्तादोर येतात, अमेरिका खंडात साम्राज्यं बुडवणारे स्पॅनिश घोडेस्वार. या सहांपैकी कोणालाही गेम जिंकता येत नाही. त्यांची राजधानी नाही, त्यांचा खेळाडू नाही. नकाशावर ते वाट बघत बसलेले असतात.

अधिक बोलकी गोष्ट वेगळीच आहे. मूळ ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ २००५ चा, आणि त्याची रंगभूमी अमेरिका खंड. तिथे याच खाचेत चेरोकी, क्री, कोमांची, इन्का, माया असे हाडामांसाचे समाज होते. खेळ आशियात आणताना त्या खाचेत धर्म बसवले. म्हणजे अमेरिकेत परक्या माणसाला ‘स्थानिक’ म्हणून जे भेटतं ते एक राष्ट्र, आणि आशियात जे भेटतं ते एक देऊळ. हा बदल करताना फार विचार झाला असेल असं वाटत नाही. पण विचार न करता केलेल्या निवडींतूनच एखाद्या संस्कृतीचे समज उघडे पडतात. या संग्रहातल्या लेखांचं मूळ तिथे आहे.

ज्यांनी असे गेम कधी हातात घेतले नाहीत त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. स्ट्रॅटेजी गेममध्ये खेळणारा एखाद्या व्यक्तीच्या भूमिकेत नसतो, तो एका राज्याच्या किंवा संस्कृतीच्या भूमिकेत असतो. शेती, खजिना, सैन्य, तह, संशोधन हे सगळं तो वरून, नकाशावर बघत चालवतो. काही गेम घटकाभरात संपतात, काही महिनोन्‌महिने चालतात. पण बहुतेकांत दोन प्रकारचे गट असतात. मोठे गट खेळाडूला किंवा त्याच्या तोडीच्या संगणकाला चालवायला मिळतात. त्यांना हेतू असतो, त्यांना जिंकता-हरता येतं. दुय्यम गट हे नकाशाचा भाग असतात. ते काहीतरी देतात: एक सैनिक, एक सवलत, थोडं सोनं. त्यांना मागता येत नाही, आणि नाही म्हणता येत नाही. भक्तीच्या वस्तीशेजारची तुमची ट्रेडिंग पोस्ट शत्रूने पाडली आणि तिथे स्वतःची बांधली, तर वाघनखांचे पुढचे सैनिक त्याच्याकडे जाणार. भक्तीचं त्यावर काही म्हणणं नसतं.

माझा मुद्दा एवढाच आहे, आणि संग्रहातल्या सगळ्यांना तो मान्य आहे असं नाही. गेमने इतिहासाचे तपशील चुकवले ही तक्रार सोपी आहे आणि लवकर शिळी होते. खरा प्रश्न असा की नकाशावर इच्छा कोणाला दिली आहे.

आता थोडा मागोवा. खेळ आणि धर्म यांची गाठ आपल्याकडे संगणकाच्या फार आधीची. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट परंपरेने ज्ञानदेवांच्या नावावर सांगितला जातो, आणि जैनांचा ज्ञानबाजीचा पट त्याचाच भाऊबंद. त्या पटांत धर्म हा घरांपैकी एखादं घर नव्हता, अख्खा पटच धर्माचा होता. पुण्याने शिडी, पापाने साप, आणि खेळणाऱ्याला जायचं ते मोक्षाच्या घरी. साम्राज्यांचे खेळ आले तेव्हा पट राज्याचा झाला आणि धर्म त्यावरचा एक चौकोन.

१९९१ च्या पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये देवळं होती, पण ती प्रजेचा असंतोष कमी करायला. धर्म नावानिशी आला तो २००५ च्या ‘सिव्हिलायझेशन ४’मध्ये. सात धर्म होते. ध्यानाची विद्या जो आधी शोधेल त्याच्याकडे बौद्ध धर्म स्थापन होई, अनेकेश्वरवाद शोधणाऱ्याकडे हिंदू, कायद्याची संहिता रचणाऱ्याकडे कन्फ्यूशिअसचा, तत्त्वज्ञान गाठणाऱ्याकडे ताओ. नावं आणि चिन्हं वेगळी, पण नियमांच्या दृष्टीने सातही धर्म तंतोतंत सारखे. हे जाणूनबुजून केलं होतं, कोणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून. या सावधगिरीचा उपहास बराच झाला आहे. मला ती तितकी वाईट वाटत नाही. गांधींच्या हिंदुस्थानात ताओ आणि अरबस्तानात बौद्ध धर्म रुजू शकतो हे त्यात सहज घडे, आणि धर्म ही कोणत्या भूमीची जन्मखूण नाही हे न बोलता सांगितलं जाई. तोटा असा की धर्म हा मग नुसता रंग उरतो. ज्याचा रंग तुमच्यासारखा तो मित्र.

पुढे ‘सिव्हिलायझेशन ५’च्या ‘गॉड्स अँड किंग्ज’ या २०१२ च्या विस्ताराने उलटी वाट धरली. धर्म खेळाडूनेच जुळवायचा: नाव एक निवडा, श्रद्धा दुसऱ्या कुठूनही उचला. शिंतो, शीख, झरथुष्ट्री ही नावं तेव्हा यादीत आली. २०१६ च्या सहाव्या भागात धर्मप्रचारक एकमेकांवर आकाशातून विजा पाडून वाद जिंकू लागले, आणि ‘गुरू’ नावाचा एक माणूस दाखल झाला. त्याचं काम जखमी धर्मप्रचारकांना बरं करण्याचं. हा गुरू कोणत्याही धर्माला विकत घेता येतो. रोमच्या कॅथलिकांनी चार गुरू बाळगले तरी गेमची हरकत नसते.

स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचे गेम हा या क्षेत्रातला दुसरा मोठा संप्रदाय. त्यांची श्रद्धा अशी की प्रत्येक धर्माला त्याचं स्वतःचं यंत्र हवं. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्ये १४४४ ते १८२१ हा काळ आहे. त्यात हिंदू राजा आपलं आराध्यदैवत निवडतो. शिव घेतला तर एक लाभ, गणपती घेतला तर दुसरा. बौद्ध राजाला कर्माचा काटा सांभाळावा लागतो: आक्रमण केलं की काटा खाली, मित्राच्या हाकेला धावलात की वर, आणि दोन्ही टोकांना तोटा. मध्यममार्गाला इतकं शब्दशः कोणी घेतलं असेल असं वाटलं नव्हतं. तरी हे यंत्र हसण्यावारी नेऊ नये. विस्तारासाठी रचलेल्या खेळात विस्तार करणाऱ्याला मागे ओढणारा एक नियम त्यांनी धर्मातून काढला, ही लहान गोष्ट नाही. २०२० च्या ‘क्रुसेडर किंग्ज ३’ने तर जैनांचे दिगंबर, श्वेतांबर आणि यापनीय असे तीन संप्रदाय वेगळे मांडले. यापनीय हे कर्नाटकात एके काळी बलवान असलेले, मुनींनी नग्न राहावं पण स्त्रीलाही मोक्ष मिळतो असं मानणारे. पंधराव्या शतकापर्यंत ते नाहीसे झाले. आपल्याकडच्या किती पदवीधरांना हे नाव माहीत असेल? एका स्वीडिश गेमच्या मेनूत ते आहे.

याच कंपनीने २०१८ साली ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’साठी ‘धर्म’ नावाचा विस्तार काढला आणि हिंदुस्थानातल्या राज्यांना अंतर्गत गट दिले: ब्राह्मण, राजपूत, मराठे, वैश्य आणि जैन. इथे जैन म्हणजे दरबारातला सावकार वर्ग. त्यांना खूश ठेवा, व्यापार वाढेल. या चित्राला आधार आहेच. अहमदाबादच्या शांतिदास झवेरींचा मोगल दरबारात वावर होता. औरंगजेब गुजरातचा सुभेदार असताना त्यांनी बांधलेलं पार्श्वनाथाचं देऊळ त्याने भ्रष्ट केलं, तेव्हा शहाजहानने ते परत देण्याचं फर्मान काढलं. पण हेच चित्र घेऊन सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या पट्ट्यात उतरा. तिथला जैन नांगर धरणारा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील त्याच शेतकरी जैन समाजातले, कुंभोजला जन्मलेले. गेमच्या हिशेबात या माणसांना घालायला रकानाच नाही. गुजरातेतला एक तुकडा उचलून तो अख्ख्या देशाला लावला की असं होतं. हे करणारे स्वीडनचे म्हणून रागवायचं, तर आपल्या पाठ्यपुस्तकांनी काय वेगळं केलं आहे?

जपान आणि चीनवरचे गेम बघितले की चित्र पालटतं, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात सकस भाग तिथे आहे. जपानच्या कोएई कंपनीने १९८३ साली ‘नोबुनागाज अँबिशन’ काढला. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत होंगान-जी हा मठ इतर सरदार घराण्यांसारखाच एक खेळता येणारा गट आहे. त्याचा प्रमुख केन्न्यो हा इतर सरदारांसारखाच एक सरदार. जपानी खेळाडूला यात नवल वाटत नाही, कारण त्याचा इतिहासच तसा आहे. होंगान-जीच्या जोदो शिन्शू पंथाच्या शेतकरी, लहान सामुराई आणि पुरोहितांच्या जमावांना इक्को-इक्की म्हणत. १४८८ साली त्यांनी कागा प्रांताच्या तोगाशी मासाचिका या सुभेदाराला त्याच्याच किल्ल्यात संपवलं आणि तो प्रांत १५८० पर्यंत, म्हणजे ९२ वर्षं, आपल्या हाती ठेवला. सरदार ओदा नोबुनागाने १५७१ साली हिएई पर्वतावरचे मठ जाळले, १५७४ साली नागाशिमाची इक्की निर्घृणपणे चिरडली, पण इशियामा होंगान-जी घ्यायला त्याला १० वर्षं लागली. आज ओसाकाचा किल्ला उभा आहे ती जागा हीच.

इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने २०११ चा ‘शोगुन २’ केला, तेव्हा इक्को-इक्की आधी बंडखोरांच्या रूपात दिसले. पुढे वेगळे पैसे मोजून घ्यायच्या जोडपुरवणीत त्यांना खेळता येणारा गट केलं, आणि त्यांचा धर्म बौद्ध धर्माहून निराळा ठेवला. इतिहासाचा जाणकार म्हणेल की जोदो शिन्शू हा बौद्ध धर्मच. खरं आहे. पण शेजारच्या प्रांतातल्या सरदाराला तो तसा वाटत नव्हता. त्याला तो साथीसारखा पसरणारा उपद्रव वाटत होता, आणि खेळताना नेमकं तेच वाटतं: तुमच्या प्रांतात त्यांचे पुरोहित शिरतात, वर्षभरात तुमचेच शेतकरी तुमच्यावर उठतात. पारिभाषिक दृष्ट्या चूक असलेला नियम अनुभवाच्या दृष्टीने बरोबर निघाला. अशी उदाहरणं या क्षेत्रात थोडी आहेत, म्हणून ती जपून ठेवावी लागतात.

चीनमधलं उदाहरण तीन राज्यांच्या काळातलं. इ. स. १८४ मध्ये झांग जियाओच्या ताइपिंग पंथाने पिवळी फडकी बांधून हान साम्राज्याविरुद्ध उठाव केला. २०१९ च्या ‘टोटल वॉर: थ्री किंग्डम्स’मध्ये हे पिवळी फडकीवाले खेळता येतात, तेही आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांना भेट म्हणून दिलेल्या पुरवणीत. त्यांच्याइतकाच रंजक पण कमी गाजलेला माणूस म्हणजे झांग लू. हानझोंगच्या खोऱ्यात त्याने ताओपंथी पुरोहितांचं राज्य चालवलं. रस्त्यांवर धर्मशाळा होत्या, तिथे तांदूळ आणि मांस ठेवलेलं असे. वाटसरूने भूक भागेल इतकं घ्यावं. जास्त घेतलं तर भुतंखेतं त्याला आजारी पाडतील असा समज. २१५ साली तो सेनानी त्साओ त्साओला शरण गेला. गेममध्ये अशा राज्याला काय द्यायचं? अन्नाच्या उत्पादनात थोडी वाढ? पहाऱ्याशिवाय चालणारं कोठार हा त्या राज्याचा गाभा होता, आणि गेमच्या हिशेबात विश्वासाला खातं नसतं.

दुय्यम गट हा साचा मुळातच खोटा आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. श्रीलंकेतलं कँडी घ्या. ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये कँडी हे धार्मिक नगरराज्य आहे. त्याचं पालकत्व मिळवलं तर नवं निसर्गाश्चर्य सापडताच तुम्हाला एक पवित्र अवशेष मिळतो, आणि अशा अवशेषांपासून मिळणारी श्रद्धा दीडपट होते. यामागे आहे तो बुद्धाचा दंतधातू. तो ज्याच्याकडे, राज्य त्याचं, ही सिंहली राजांची रीत. १५६० साली पोर्तुगीज व्हाइसरॉय दों कॉन्स्तांतिनो द ब्रागांझाने जाफन्यावर स्वारी करून एक दात लुटून गोव्यात आणला. पेगूच्या राजाने तो परत मिळावा म्हणून प्रचंड रक्कम देऊ केली. खजिना रिकामा होता, व्यापारी आणि सरदारांना पैसा हवा होता. पाद्र्यांनी विरोध केला. शेवटी आर्चबिशपने तो दात खलात कुटला, शेगडीत जाळला आणि राख नदीत टाकली. सिंहली बौद्धांच्या मते खरा दात पोर्तुगीजांच्या हाती कधी लागलाच नव्हता. पुढे कँडीच्या राजांनी दंतमंदिर बांधलं, पोर्तुगीज आणि डच यांना वारंवार परतवलं, आणि १८१५ साली राज्य इंग्रजांच्या हवाली झालं तेव्हा तिथल्या सरदारांनी करारातल्या पाचव्या कलमात बौद्ध धर्म, त्याचे विधी आणि देवळं यांच्या रक्षणाची हमी लिहून घेतली. १८१८ च्या उठावात बंडवाल्यांनी दात पळवला होता. तो इंग्रजांच्या हाती पुन्हा लागला आणि उठावाचं बळ ओसरलं.

कँडी खरोखरच लहान होतं, मोठ्या सत्तांच्या ओढाताणीत होतं, आणि त्याचं वजन त्या एका वस्तूवर होतं. नगरराज्याचा साचा त्याला बसतो. फक्त गेममध्ये अवशेषाचे गुण मिळतात, आणि इतिहासात त्याच अवशेषासाठी खजिना भरायचा की नाही यावर गोव्यातले दोन पक्ष भांडले. तो वाद खेळात आणता आला असता तर किती बहार आली असती.

आता पुन्हा आपल्या वस्त्यांकडे. भक्ती एका जागी आणि सूफी दुसऱ्या जागी, असे दोन ठिपके नकाशावर टाकले की दख्खनचा इतिहास सांगणं अशक्य होऊन बसतं. श्रीगोंद्याचे शेख महंमद कोणत्या वस्तीत राहणार? ‘योगसंग्राम’ लिहिणारे हे मराठी संत सूफी परंपरेतले आणि वारकऱ्यांनाही आपले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमान सुलतानाच्या चाकरीत, आणि तिथून जवळच खुलदाबादला चिश्ती संतांचे दर्गे. ट्रेडिंग पोस्टमध्ये एक निवडावं लागतं. सूफींना हत्ती मात्र मिळाले. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवर लिहिताना हाती शस्त्र घेतलेल्या सूफींचा शोध घेतला आहे, पण त्यांच्या पदरी पीलखाना होता असं त्यातूनही निघत नाही.

उदासींची गोष्ट आणखी अवघड. गुरू नानकांचे पुत्र श्रीचंद यांच्यापासून निघालेला हा विरक्तांचा पंथ. अठराव्या शतकात शीख योद्धे रानावनांत परागंदा असताना अनेक गुरुद्वारे उदासी महंतांनी सांभाळले, आणि पुढे त्याच महंतांविरुद्ध अकाली चळवळ उभी राहिली. १९२१ चं ननकाना साहिबचं हत्याकांड आणि १९२५ चा गुरुद्वारा कायदा यांच्या मुळाशी हा संघर्ष होता. गेमने उदासींच्या हाती दिलेली चक्रं ही निहंग अकाल्यांची ओळख. म्हणजे दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाच्या अंगावर दुसऱ्याचं शस्त्र.

आणि ज्यांच्याकडे खरोखर सैन्य होतं ते गोसावी? ते त्या वस्त्यांत कुठेच नाहीत. अनुपगीर गोसावी, हिंमतबहादूर म्हणून प्रसिद्ध, पानिपतावर १७६१ साली शुजाउद्दौल्याच्या फौजेत होता. पुढे महादजी शिंद्यांच्या राजकारणात त्याचं नाव वारंवार येतं, आणि १८०३ साली तो इंग्रजांना मिळाला. हजारो शस्त्रधारी नागा साधूंचा हा सरदार स्वतः संन्याशांच्या परंपरेतला. गोसावी नुसते लढत नव्हते. ते रेशमाचा व्यापार करत, हुंड्या लिहीत, सावकारी करत, आणि मालमत्ता गुरूकडून चेल्याकडे जाई. पुण्यात सोमवार पेठेत गोसावीपुरा होता. तिथलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ भीमगिरजी गोसाव्याने १७५४ मध्ये बांधायला घेतलं. त्याच्या दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंडाने जखडणारे गोरे शिपाई कोरले आहेत. ते कोरणाऱ्या आणि कोरून घेणाऱ्या माणसांना हिंदुस्थानच्या राजकारणाची चांगली जाण होती, आणि मतही होतं. जिथे धर्मपंथाला सैन्य, पैसा आणि स्वतःची चाल होती, तिथे गेमने पाहिलं नाही. जिथे फौज नव्हती त्या भक्तीला फौज चिकटवली.

अभ्यासाकडे वळायचं तर हे क्षेत्र तरुण आहे. विल्यम उरिक्यो यांनी गेम आणि इतिहासलेखन यांच्या नात्यावर २००५ साली लिहिलं. इयन बोगोस्ट यांनी २००७ साली मांडलं की गेम आपलं म्हणणं चित्रांतून कमी आणि नियमांतून जास्त सांगतो. ॲडम चॅपमन यांच्या २०१६ च्या ग्रंथाने ऐतिहासिक गेमना इतिहासाचंच एक रूप मानलं. धर्म आणि गेम यांवर हायडी कॅम्पबेल आणि ग्रेगरी ग्रीव यांनी २०१४ साली लेखसंग्रह संपादित केला. कोलकात्याचे सौविक मुखर्जी यांनी २०१७ साली वसाहतवादाच्या अंगाने हे गेम वाचले, आणि आपल्याकडून विचारायचे प्रश्न कोणते ते दाखवलं. मराठीत मात्र गेमवरची चर्चा मुलांच्या डोळ्यांपाशी आणि परीक्षेच्या टक्क्यांपाशी थांबते.

ती पुढे न्यायची निकड आहे, कारण नकाशावरच्या लहान रंगांवरून मोठे वाद होतात. २००४ साली चीनने ‘हार्ट्स ऑफ आयर्न’वर बंदी घातली, तिबेट वेगळ्या देशाच्या रूपात दिसतो ही त्यांची एक तक्रार. ‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये प्वेब्लो लोकांचा धर्मनेता पोपे आणायचं घाटत होतं, पण त्या लोकांच्या परिषदेने नकार दिला आणि बेत सोडावा लागला. २०२० साली ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ नव्याने निघाला तेव्हा अमेरिकेतल्या आदिवासींशी बोलून नावं सुधारली, शेकोटीभोवती नाचण्याऐवजी सामुदायिक चौक आला. भक्ती आणि उदासी त्या आवृत्तीत होते तसेच राहिले. त्यांच्या वतीने कोणी बोललं नव्हतं. आपल्याकडे ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये २००९ साली मराठे खेळता येतात आणि मोगल येत नाहीत याचा आनंद झाला, तो रास्तही होता, पण आपण मोठ्या गटात आलो की लहान गटांत कोणाला टाकलं हे बघायचं राहून जातं. आता पुण्यातच गेम तयार होतात. नॉडिंग हेड्स या पुण्याच्या स्टुडिओचा ‘राजी’ २०२० साली जगभर गेला. तो लढाईचा, गोष्टीचा गेम आहे, नकाशाचा नव्हे. नकाशाचा गेम इथे कोणी करायला घेतला तर शेजारच्या धर्मांना कोणत्या खाचेत बसवायचं हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल.

हा संग्रह अशा बैठकीत उपयोगी पडावा अशी इच्छा आहे. लेखकांत इतिहासाचे अभ्यासक आहेत, हौशी खेळणारे आहेत, मॉड करणारे म्हणजे तयार गेममध्ये स्वतःचे बदल करणारे आहेत, आणि ते एकमेकांशी सहमत नाहीत. काहींना वाटतं की धर्माला नियमांत बसवणंच चूक. मला वाटतं की न बसवता सोडलेला धर्म नुसती सजावट होतो, म्हणून नियम हवेत, पण ते बेरकी हवेत. इस्लामवर स्वतंत्र मोठा अभ्यास आधीच झाला आहे, म्हणून इथे तो दख्खनपुरता. मध्य आशिया आणि आग्नेय आशियाचा मोठा भाग राहिला आहे. त्यावर लिहिणारे मराठीत मिळाले नाहीत. गेमचे नियम आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा प्रत्येक लेखात कोणत्या सालच्या गेमबद्दल बोलतो आहोत ते दिलं आहे.

अखेरच्या भागात टीका थांबवून एक आराखडा मांडला आहे: गोसाव्यांचा आखाडा हा दुय्यम गट कसा असावा. त्याच्याकडून सैनिक भाड्याने मिळतात, पण त्याआधी त्याच्याकडून तुम्ही घेतलेलं कर्ज किती थकलं आहे ते तो बघतो. हप्ता चुकला तर तो शेजाऱ्याकडे जातो, आणि जाताना तुमच्या हुंड्याही नेतो. कुंभमेळ्याच्या वर्षी त्याची फौज कोणालाच मिळत नाही, आणि त्या वर्षी दुसऱ्या आखाड्याशी स्नानाच्या मानावरून त्याचं भांडण जुंपलं तर ते मिटवायला त्या प्रदेशाच्या राजाला बसावं लागतं. निवाडा पसंत पडला नाही तर आखाडा तुमचं राज्य सोडून निघून जातो आणि ठिपका नकाशावर दुसरीकडे उगवतो. कागदावर खेळून पाहिलेल्यांची एक तक्रार आहे की यात खेळणाऱ्याची फार अडवणूक होते. ती तक्रार आम्ही आराखड्याच्या खालीच छापली आहे.